सासूबाईंचा कमरेएवढा घोडा

आमच्या सासूबाईंनी अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवलं. हे मी वाढवून सांगत नाही. दूधवाला, बँकेचे मॅनेजर, कोर्टातले जज्जसाहेब, बसगाड्यांचे निम्मे ड्रायव्हर, आणि माझी बायको, म्हणजे त्यांचीच मुलगी, हे सगळे त्यांच्या शेजारी बसून, त्यांची बोलणी खात शिकले. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, पण तो त्यांना फारसा लागत नसे. आवाज पुरायचा. "थांबा!" म्हणाल्या की शिकणारा तर थांबायचाच, पण रस्त्यापलीकडचा सायकलवालाही पाय टेकायचा. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही. नुसतं 'मॅडम'.

मी मात्र लग्नाआधीच दुसरीकडे शिकून आलो होतो, आणि ही गोष्ट त्यांनी मला कधीच माफ केली नाही.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. मधलं गेलं आणि कडेचं राहिलं. समोर बघितलं की मधोमध धुक्याचा एक गोळा आणि भोवती सगळं ठीकठाक. माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या कानाकडे बघून मान हलवली, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे यायला गाडी काढली.

गाडी त्यांनी सुरेख लावली, फक्त दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये. आत गेल्या, सिंकपाशी उभ्या असलेल्या माणसाला "जावईबापू, अजून भांडी तशीच?" म्हणून झापलं. तो माणूस त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने निमूटपणे सगळी भांडी घासली आणि मग भीतभीत सांगितलं, "मॅडम, हे माझं घर आहे."

त्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली मुलीच्या हातात ठेवली.

त्या आमच्याकडे राहायला आल्या. आमचं घर म्हणजे खाली माझा कारखाना, मागे छोटंसं अंगण आणि वर आम्ही दोघं. कारखाना हा माझा शब्द. बायको त्याला 'पसारा' म्हणते. मी सोफे आणि खुर्च्या भरतो. फाटलेलं कापड उसवायचं, ढिल्या स्प्रिंगा बांधायच्या, काथ्या नाहीतर फोम भरायचा आणि दाभणाने टाके घालून नवं कापड चढवायचं. सासूबाई दिवसभर माझ्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत आणि मला चालवत. मी चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आलो की, "वळताना वेग कमी!" सोफा सरकवायला मागे पाऊल टाकलं की, "आधी मागे बघा, जावईबापू!" डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या काठीने त्या खिडकी उघडी राहावी म्हणून टेकू लावत. काठी घेऊन चालणं त्यांना मंजूर नव्हतं.

एक दिवस दुकानात एक आडदांड गृहस्थ आले. दारातून आत यायला त्यांना तिरकं व्हावं लागलं. त्यांच्या टेम्पोत एक सोफा होता, आणि त्या सोफ्याचा उजवा हात कुणीतरी खाल्लेला होता.

"उंदीर?" मी विचारलं.

"घोडा," ते म्हणाले.

"घोडा घरात?"

"लहान आहे. शिंगरू आजारी होतं म्हणून दोन दिवस आत घेतलं."

हे घोडेवाले. गावाबाहेर त्यांचं कुरण होतं आणि तिथे ते मिनिएचर घोडे वाढवत. एवढा थोरला माणूस आणि एवढेसे घोडे, हा योगायोग त्यांना कुणीतरी आधीही बोलून दाखवला असणार, कारण मी नुसतं हसलो तरी ते म्हणाले, "मी त्यांच्यावर बसत नाही."

कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. "घोडा की तट्टू?"

घोडेवाले चटका बसल्यासारखे वळले. "घोडा, मॅडम. तट्टू वेगळं. तट्टाचे पाय आखूड, मान जाड, पोट सुटलेलं. आमचा घोडा म्हणजे सगळ्या अंगाने मोठाच घोडा, फक्त लांबून बघितल्यासारखा."

"मला हल्ली सगळंच लांबून बघितल्यासारखं दिसतं," सासूबाई म्हणाल्या. "बोला पुढे."

घोडेवाल्यांना एवढंच हवं होतं. त्यांनी सोफ्याचं विसरून खुर्ची ओढली आणि घोड्यांवर सुरुवात केली. आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथून जमिनीपर्यंत उंची मोजायची. ठरलेल्या मापाच्या वर बोटभर गेला तर जातीतून बाद. ("म्हणजे वाढला की नापास," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या परीक्षेहून कडक दिसतंय.") नीट सांभाळला तर तीस-तीस वर्षं जगतो. काही ठिकाणी तर ज्यांना दिसत नाही अशा माणसांना रस्त्याने न्यायला याच घोड्यांना शिकवतात.

"घोड्याला बरं दिसतं का पण?"

"डोळे कडेला असतात ना. दोन्ही बाजूंचं दिसतं, मागचंही बरंचसं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं दिसत नाही."

सासूबाई खुर्चीत सरळ झाल्या. "म्हणजे माझ्यासारखंच," त्या म्हणाल्या.

तिथेच सगळं ठरलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त सोफ्याच्या कापडाचा रंग विचारत होतो.

सोफा तयार झाल्यावर पोचवायला गेलो, तर सासूबाई व्हॅनमध्ये आधीच बसलेल्या. कुरणावर घोड्यांचा कळप चरत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घोडे पुष्कळ दूर आहेत. आणि मग त्यांच्या शेजारून एखादी कोंबडी जायची आणि सगळा हिशेब चुकायचा. सासूबाई कुंपणाच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. भुऱ्या रंगाचा, पांढऱ्या आयाळीचा एक घोडा हळूहळू आला आणि त्यांच्या मांडीला टेकून उभा राहिला. त्याची पाठ माझ्या कमरेच्याही खाली होती.

"हा रणझुंजार तिसरा," घोडेवाले अभिमानाने म्हणाले.

रणझुंजार तिसरा सासूबाईंच्या ओढणीचं टोक चघळत होता. त्यांनी त्याला ढकलून पाहिलं. हलेना. ओढून पाहिलं. हलेना.

"त्याला पटल्याशिवाय तो हलत नाही," घोडेवाले म्हणाले.

"गाडी बंद पडलीय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर तळवा ठेवून हळूच दाबला आणि हळूच सोडला. घोडा चालायला लागला. "बघा. क्लच दाबल्याशिवाय गिअर कसा पडेल?"

रणझुंजार तिसऱ्याचं नाव त्या क्षणापासून क्लच झालं.

क्लचला घेऊन आम्ही निघताना घोडेवाल्यांनी दहा सूचना दिल्या. खायला किती, खूर कधी कापायचे, खरारा कसा करायचा. शेवटी म्हणाले, "आणि मॅडम, त्याला फार एकटा ठेवू नका. कळपातलं जनावर आहे."

"एकटा कुठे? आम्ही तिघं आहोत की," सासूबाई म्हणाल्या. क्लच व्हॅनमध्ये उभ्याने आला, दोन सीटांच्या मधून मान काढून, वाटभर माझी कॉलर खात.

बायको दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरवर काम करते. संध्याकाळी घरी आली, अंगणात बघितलं आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय?"

"घोडा."

"ते दिसतंय मला. का?"

"तुझ्या आईला विचार."

"आई, अगं कुत्रा तरी घ्यायचास!"

"कुत्रा सारखा चुकल्यासारखा बघतो. मला नाही आवडत. आणि माझ्याकडे डोळे कसले वटारतेस? मी तुझं काय घोडं मारलंय?"

यावर बायकोला हसू आवरलं नाही, आणि एकदा हसल्यावर तिला घोडा परत पाठवणं जमलं नाही.

दुसऱ्या सकाळपासून गल्लीत वर्ग सुरू झाला. सासूबाईंचा एक जुना नियम होता. शिकाऊ माणसाला 'तुम्ही' म्हणायचं, तो परीक्षा पास झाला की 'तू'. नियम सगळ्यांना सारखा. त्यामुळे गल्लीतल्या लोकांना रोज सकाळी खणखणीत आवाज ऐकू येई, "क्लच, लक्ष कुठाय तुमचं? फुटपाथ संपला की थांबायचं! थांबा! उजवीकडे बघा. डावीकडे बघा. आता चला. अहो, खांब तुमच्या अंगावर आला नाही, तुम्ही खांबावर गेलात!"

आणि क्लच शिकला. फुटपाथच्या कडेशी थांबायला शिकला. सिग्नल लाल असताना खांबावरचं यंत्र सावकाश टकटक करतं आणि हिरवा झाला की भरभर, हे त्याला कळलं. वाटेत खड्डा आला की तो सासूबाईंच्या पायांपुढे आडवा उभा राही. आमच्या फरशीवर त्याचे पाय घसरायचे, म्हणून मी त्याला उरलेल्या रेक्झिनचे चार बूट शिवून दिले. मला वाटलं होतं, सासूबाई कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "मागच्या डाव्याचा टाका सैल आहे."

लिदीबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगतो, घोडा कितीही लहान असला तरी त्या एका बाबतीत तो पूर्ण आकाराचा असतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुंड्यांना त्या वर्षी भरभरून फुलं आली.

खरा घोटाळा झाला जज्जसाहेबांच्या खुर्चीचा. ती त्यांच्या आजोबांची होती. जुन्या खुर्च्यांत वाळलेलं गवत ठासून भरलेलं असतं. मी कापड उसवून ठेवलं आणि सुतळी आणायला बाहेर गेलो. परत आलो तर क्लच खुर्चीत तोंड घालून, डोळे मिटून, आजोबांच्या काळातलं गवत चवीने खात होता. संध्याकाळी जज्जसाहेब आले. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "ये. वळणावर इंडिकेटर द्यायला अजून विसरतोस का?"

जज्जसाहेबांचा चेहराच उतरला. "कधीकधी, मॅडम."

"तुझ्या खुर्चीतलं गवत जुनं झालं होतं. जावईबापू नवीन भरून देतील."

"हो, मॅडम. आभारी आहे, मॅडम." आणि ते गेले.

मग सासूबाईंना एकटीने बाहेर जायची घाई झाली. एका सकाळी आम्हाला न सांगता, क्लचची दोरी हातात घेऊन त्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायला निघाल्या. पुढचं मला भाजीवाल्याने सांगितलं. हा भाजीवाला क्लचला येता-जाता गाजराचा पाला द्यायचा. त्यामुळे सिग्नल ओलांडून दवाखान्याकडे वळायच्या ऐवजी क्लच सरळ त्याच्या दुकानात शिरला आणि सासूबाई त्याच्यामागून. समोर स्टूल होतं, त्यावर बसल्या.

"डॉक्टर, डावा डोळा जरा बरा आहे," त्या म्हणाल्या.

भाजीवालाही त्यांचाच विद्यार्थी. मॅडमना 'तुमचं चुकतंय' असं म्हणायची त्याची छाती झाली नाही. "छान, छान," तो म्हणाला.

"समोर काहीतरी लाल दिसतंय."

"ते... टोमॅटो, मॅडम."

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तक्ता कुठाय? वाचून दाखवते."

भाजीवाल्याने भावाची पाटी त्यांच्यापुढे धरली. सासूबाईंनी मान कलती केली आणि कडेच्या नजरेने वाचायला सुरुवात केली. "कांदे."

"बरोबर."

"बटाटे."

"बरोबर, मॅडम."

"शेवटची ओळ नाही दिसत."

"'टोमॅटो दाबून पाहू नयेत' असं आहे ते. अक्षर बारीकच आहे, कुणालाच दिसत नाही."

त्या पिशवीभर गाजरं घेऊन घरी आल्या. बायकोने विचारलं, तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलीत खायला." आपण कुठे शिरलो हे त्यांना कधी कळलं, किंवा टोमॅटोपाशीच कळलं होतं का, हे त्यांनी आजपर्यंत कबूल केलेलं नाही. गाजरं मात्र क्लचने खाल्ली.

गाजरं, सफरचंदं, शेजाऱ्यांची बिस्किटं. क्लच सुटला. त्याचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलं आणि मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी त्याला चारही बाजूंनी बघितलं. "हा घोडा आहे की पिंप?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा घोड्याला एवढंसंच लागतं. असं खात राहिला तर खुरांना सूज येईल आणि मग उभंही राहवणार नाही." खाणं निम्म्यावर आलं. गल्लीत मी पाटी लावली, 'घोड्याला काही देऊ नये'. पोट हळूहळू उतरलं.

पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, आणि तिच्याकडे आमचं नीट लक्ष गेलं नाही.

एका गिऱ्हाइकाने मोठ्या आरशाचं टेबल आणून ठेवलं होतं. त्याचं स्टूल मला भरायचं होतं. दिवस मावळायला लागला की क्लच अंगणातून दुकानात येई आणि त्या आरशासमोर उभा राही. नाक आरशाला लावून उभा. मधूनच हळू आवाजात खिंकाळायचा आणि कान पुढे करून थांबायचा. आम्ही हसायचो. बायको म्हणायची, "बघा, नटतोय." स्टूल तयार झालं, गिऱ्हाईक टेबल घेऊन गेलं. त्या संध्याकाळी क्लच दुकानभर फिरला. जिथे आरसा होता तिथल्या भिंतीशी उभा राहिला. मग अंगणाच्या फाटकाशी गेला आणि असा खिंकाळला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. एवढ्याशा अंगातून एवढा मोठा आवाज येईल असं कुणालाही वाटलं नसतं.

पुढे रोजच. खाणंही सुटलं. मी मुद्दाम गवत भरलेली खुर्ची उघडी ठेवली, तिलाही त्याने तोंड लावलं नाही.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. तपासलं, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि फाटकावर टेकून उभ्या राहिल्या. "आजार काही नाही. तो एकटा आहे."

"आम्ही असतो की दिवसभर त्याच्याजवळ," बायको म्हणाली.

"तुम्ही घोडे नाही आहात. लहान दिसतो म्हणून लोक त्याला कुत्र्या-मांजरासारखा ठेवायला बघतात. तो घोडाच आहे. त्याला दुसरा घोडा लागतो आणि पळायला जागा लागते."

सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. मी दुसऱ्या घोड्याचा विचार करत आमच्या अंगणाकडे बघितलं. तिथे एका घोड्याला वळायचं तर कपडे वाळत घालायची दोरी काढावी लागायची.

सकाळी मी दुकान उघडलं तर सासूबाई चपला घालून तयार. "व्हॅन काढा, जावईबापू. त्याला त्याच्या माणसांत सोडून येऊ."

वाटेत त्या फक्त एकदा बोलल्या. "शेजारची सीट रिकामी असली की मला कधी गाडी चालवायला मजा आली नाही. त्याचंही तसंच असणार."

कुरणाचं फाटक उघडून मी व्हॅन आत घेतली. क्लच उतरला, नाक वर करून वास घेतला, आणि सुटलाच. कळपापर्यंत गेला, जमिनीवर लोळला, उठून सगळ्यांना हुंगलं आणि भरधाव पळाला. त्याला पळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मागे बघितलं का त्याने?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"इतकं शिकवलं मी, निघताना मागे बघावं म्हणून," त्या म्हणाल्या, आणि ओढणी उगाचच सारखी केली.

तेवढ्यात पलीकडून चाकांची खडखड आणि घोडेवाल्यांचा आवाज आला. "अगं अगं अगं! अगं इकडे! अगं बाई!"

"काय चाललंय?"

मी बघितलं. "दोन चाकांची छोटी गाडी आहे. एक घोडी जुंपलीय. घोडेवाले वर बसलेत. गाडी गोल गोल फिरतेय."

"लगाम कसा धरलाय?"

"दोन्ही मुठींनी, छातीशी."

"कोपरं?"

"बाहेर."

"हं. स्टिअरिंगला लोंबकळणाऱ्यातले." सासूबाई माझा हात सोडून आवाजाच्या दिशेने चालायला लागल्या. "थांबा!"

घोडी थांबली. घोडेवाले थांबले. आणि कुरणाच्या पार टोकाला पळत असलेला क्लचही जागच्या जागी थांबला, वळला आणि दुडक्या चालीने आमच्याकडे यायला लागला.

"महिन्याभरात स्पर्धा आहे, मॅडम," घोडेवाले घाम पुसत म्हणाले. "ही सरळ जातच नाही."

"कशी जाईल? सगळं वजन एका कुशीवर टाकून बसलाय तुम्ही. आधी उतरा. तिला श्वास तरी घेऊ द्या." घोडेवाले उतरले तशी गाडी चांगली वीतभर वर आली. घोडीनेही मोठा सुस्कारा सोडला. "यात बसायला तुम्ही नकोत. तुम्ही धावा. कोण बसायचं ते मी सांगते."

कोण बसायचं, हे मला कळलं आणि मी जाऊन गाडीपुढे उभा राहिलो. सासूबाई म्हणजे अंगाने काडी, पण तरीही. "आई, तुम्हाला दिसत नाही," मी म्हणालो.

"त्याला दिसतं ना? समोरचा धुक्याचा गोळा तर त्यालाही आहे, आणि त्याचं काही अडत नाही." क्लच येऊन त्यांच्या मांडीला टेकलेला होता.

घोडेवाले म्हणाले, "क्लचला गाडीची जुनी सवय आहे, माझ्यापेक्षा जास्त." त्यांनी घोडीला सोडलं, क्लचला जुंपलं, एक लांब दोरी त्याच्या तोंडाशी बांधून स्वतःच्या हातात धरली. सासूबाई वर चढल्या. लगाम हातात घेतला. थोडा ताणला, थोडा सोडला. नंतर त्या मला म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं गाड्या चालवल्या, पण स्टिअरिंगने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. हे देतं."

"क्लच, चला."

गाडी निघाली. कुरणाला एक फेरी झाली, सरळ आणि सुरेख. दुसरी झाली. घोडेवाले शेजारून धावत होते आणि धापा टाकत ओरडत होते, "डावीकडे खांब! पुढे चढ! उजवीकडे कोंबडी!" सासूबाई ताठ बसलेल्या, कोपरं अंगाशी. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की येताना मी फाटक उघडंच ठेवलंय. घोडचूक म्हणतात ती हीच. मी धावलो, पण तोवर गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली होती.

"मॅडम, रस्ता!" घोडेवाले ओरडले.

"कळलंय मला. डांबराचा आवाज येतोय. दोरी ढिली सोडा."

मी मागे धावत होतो. माझ्यामागून एक बस भरधाव आली. पण बस हळू झाली. गाडीच्या मागे बरंच अंतर ठेवून चालायला लागली. तिच्यामागे ट्रक, ट्रकमागे दोन गाड्या, त्यांच्यामागे आणखी. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागे बघून गर्जला, "मॅडम चालवतायत!"

हॉर्न बंद झाला.

पुढे चौक आला. सिग्नल सावकाश टकटक करत होता. क्लच रेषेवर थांबला, बरोब्बर. सासूबाईंनी मागे एकदा मान वळवली, फारसं काही दिसत नसताना, आणि वळायचंय म्हणून हात बाहेर काढला. टकटक भरभर झाली. क्लच वळला. त्यांच्यामागे बसने इंडिकेटर दिला. ट्रकने दिला. एकामागून एक सगळ्यांनी दिला, ज्यांना सरळ जायचं होतं त्यांनीसुद्धा.

चौकाला वळसा घालून गाडी कुरणावर परत आली. घोडेवाले गवतावर आडवे पडले. सासूबाई उतरल्या. मी पाणी दिलं. त्या घोटभर प्यायल्या, क्लचच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पास झालास रे." मग डोळ्यांना ओढणी लावली. "धूळ फार आहे इथे. आणि जावईबापू, फाटक कोण लावणार?"

संध्याकाळी बायकोने हे सगळं ऐकलं. "आई, जीव गेला असता!"

"गेला नाही."

"पुन्हा रस्त्यावर जायचं नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि हा शब्द मात्र त्यांनी पाळला. कुरण पुष्कळ मोठं होतं.

आधी त्या रोज सकाळी जायच्या, मी सोडायचो. मग आठवडाआठवडा तिकडेच राहायला लागल्या. घोडेवाल्यांच्या घराला एक स्वतंत्र खोली होती, तिच्यात मी त्यांची गादी नेऊन दिली. स्पर्धेत क्लचची गाडी हाकायला त्या स्वतः बसल्या, घोडेवाले शेजारून धावले. नंबर आला नाही. वळणांचे गुण कापले म्हणून परीक्षकांशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि घोडेवाल्यांनी त्यात त्यांची बाजू घेतली. आता तिकडे छोट्या घोड्यांची गाडी हाकायचा वर्ग भरतो. लांबून लांबून लोक येतात. स्वतः घोडेवालेही शिकतात. त्यांच्यासाठी चार चाकांची भक्कम गाडी करून घेतलीय, तिला दोन घोडे जुंपतात, आणि त्या गाडीची सीट मी भरली आहे, दुप्पट स्प्रिंगा घालून.

गावात कुजबुज सुरू झाली. परवा बायको धीर करून म्हणाली, "आई, लोक विचारतायत."

"काय?"

"म्हणजे तू आणि ते... तुमचं पुढे काय?"

सासूबाई मुलीच्या कानाकडे बघत होत्या, म्हणजे तिचं तोंड त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

"त्यांनीही विचारलंय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी गाडी सरळ मागे घेऊन दाखवा."

दोन घोडे जुंपलेली गाडी सरळ मागे घेणं फार अवघड असतं. एक घोडा मागे येतो, दुसरा विचार करत उभा राहतो आणि गाडी आडवी होते. मी काल सोफ्याचं कापड घेऊन तिकडे गेलो होतो. घोडेवाले एकटेच गाडीवर बसले होते. कोपरं अंगाशी, घामाने ओलेचिंब, आणि अतिशय मन लावून सराव करत होते.